आग्रह धक्क्यावर ठेवून या

नणंदेच्या ताटलीत मी चौथा साबुदाणा वडा वाढला तेव्हा आमची बोट भाट्याच्या खाडीत नांगरावर शांत उभी होती. मे महिना, एकादशी, सकाळचे नऊ. ताई आदल्याच रात्री डोंबिवलीहून आलेल्या. "पुरे गं," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि मी दोन्ही वेळा ऐकलं नाही. साडेनऊला नांगर उचलला. रत्नदुर्गाचं दीपगृह उजव्या हाताला येईतो ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "परत जाऊया का?" त्यांनी विचारलं. "होईल बरं, आता डॉल्फिन दिसतील," मी म्हटलं. डॉल्फिन दिसले नाहीत. बारा वाजता परत फिरलो, तर ओहोटीने खाडीच्या तोंडावरचं पाणी उतरलेलं. गाळाच्या पट्ट्यावरून आमची बोट आत जाईना. तासभर तिथेच हेलकावे खाल्ले आणि शेवटी मिरकरवाडा बंदराच्या भिंतीआड जाऊन ताईंना उतरवलं. पोटातले चारही वडे एव्हाना समुद्राला पोचले होते.

तिथी, वारा, पाणी सगळं चुकलं होतं. पण मुळात चुकला होता तो माझा आग्रह. घरी पाहुण्याला दोनदा 'पुरे' म्हणायला लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. अजून एक घ्या, अजून एक दिवस राहा, एवढ्या लांब आलात तर तेवढं बघूनच जा. बोटीवर यातलं प्रत्येक वाक्य पाहुण्याला त्रास देतं, कधी कधी धोक्यातही घालतं. म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही बोटीवरच्या पाहुणचाराचे वेगळे नियम केले. तुमच्याकडे शिडाची बोट असो, खाडीतली फायबरची होडी असो, की सुट्टीत पाहुण्यांसाठी दिवसभर ठरवलेली बोट असो, त्यातले बरेचसे उपयोगी पडतील.

बोलवायचं कधी?

कोकणात पाहुण्यांचा महिना मे. समुद्राचा महिना मात्र तो नाही. फेब्रुवारीनंतर दुपारचा वायव्येचा वारा दिवसेंदिवस जोर धरतो आणि अकरा-बारापासून पाणी खवळायला लागतं. मेच्या उत्तरार्धात तर पावसाच्या आधीच्या मोठ्या लाटा लांबून येऊ लागतात. 'तौक्ते' चक्रीवादळ २०२१ च्या मे महिन्यातच आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते तांडेल घरी बसलेले असताना आपण हौसेने बाहेर पडायचं कारण नाही.

पाहुण्यांना बोलवायचे दिवस म्हणजे दिवाळीनंतर हवा स्थिरावली की साधारण फेब्रुवारीपर्यंतचे. तेव्हा पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा असतो. किनाऱ्याजवळचं पाणी त्याने तापल्या तव्यावरच्या तेलासारखं सपाट होतं. दुपारी खारा वारा सुरू होतो. म्हणजे सकाळी साडेसहा-सातला निघून अकराच्या आत परत, हेच वेळापत्रक. पण या दिवसांतही हवामान खात्याचा समुद्राचा अंदाज रोज पाहायचा. २००९ च्या नोव्हेंबरात आलेलं 'फयान' रत्नागिरीच्या बंदरांत अजून कुणी विसरलेलं नाही. बंदरावर बावटा लागला असेल तर विषय संपला. पाहुणे अमेरिकेहून आलेले असोत की आळंदीहून.

मेमध्येच येणार असतील तर? तर खाडीत फिरवा. काजळी नदीच्या पाण्यात वरच्या अंगाला गेलं की खारफुटी आहे, बगळे आहेत, खंड्या आहे, माडांची सावली आहे. पाहुण्यांना पाण्यात फिरायचं असतं. त्यांना खुला समुद्रच हवा, हा गैरसमज यजमानाचा.

तिथी आधी, तारीख नंतर

नोकरीवाल्या नातेवाइकांना तारीख कळते, बोटीला तिथी. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायची. पण फोनवर बोलता बोलता दिवस सुचवायला तो पुरतो.

दशमी ते द्वादशी हे दिवस आम्हाला सोयीचे पडतात. निघताना पाणी चढतं असतं, म्हणजे वयस्कर माणसांना धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकायला सोपं. अकराला परत यावं तर तोंडावर अजून निम्म्याच्या वर पाणी असतं. त्या एकादशीला आम्ही सातला निघून अकराला आलो असतो तर ताईंचे निम्मे हाल वाचले असते. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं आणि खाडीच्या तोंडावर ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ती कमी. पहिल्यांदा बोटीत बसणाऱ्यांना भांगाच्या दिवसांत आणलेलं बरं.

परतीच्या गाडीचं तिकीट पाहुण्यांनी काढायच्या आधी त्यांना एक गोष्ट बजावून सांगा: बोट आणि रेल्वे यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस जमिनीवरचा हवा. "रात्री कोकणकन्या आहे, दुपारपर्यंत पोचू ना?" हा प्रश्न ज्या बोटीवर विचारला जातो तिथे यजमान नको तेव्हा घाई करतो. तसंच ठिकाणाचं. पूर्णगड समुद्रमार्गे वीसेक किलोमीटर दक्षिणेला. वायव्येचा वारा पाठीशी घेऊन हसतखेळत जाता येतं. येताना तोच वारा तोंडावर, तीच लाट नाळेवर आदळणारी, आणि वेळ दुप्पट. उत्तरेला जयगडला निघालात तर हीच कसरत जातानाच करावी लागते. म्हणून पाहुणे असले की ज्या बाजूने वारा येणार त्या बाजूला आधी जायचं, परतीला तो पाठीवर घ्यायचा. आणि 'पूर्णगडला जाऊ' असं वचन कधी द्यायचं नाही. 'जमलं तर' हे दोन शब्द सुरुवातीलाच जोडायचे.

फोनवरच सांगायच्या गोष्टी

घरी येणाऱ्याला आपण सूचना देत नाही, ते उद्धटपणाचं वाटतं. बोटीवर येणाऱ्याला आधी सांगितलं नाही तर तो आल्यावर ओशाळतो. म्हणून आम्ही आठ दिवस आधी फोन करतो आणि स्पष्ट बोलतो.

सामान कापडी पिशवीत आणा. चाकांची कडक बॅग बोटीत कुठल्याच कप्प्यात जात नाही, रात्री पायात येते. चपला-बूट धक्क्यावरच राहतील, आत अनवाणी किंवा मऊ रबरी तळव्याचे बूट. साडी नेसायचीच असेल तर कासोटा असलेली. सर्वांत सोयीचा सलवार-कमीज. लांब बाह्यांचे सुती कपडे, गळ्याशी दोरी बांधता येईल अशी टोपी. ऊन वरून लागतं तसंच पाण्यावरून उलटून हनुवटीखालीही लागतं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त आणा, दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. एक ओली झाली तर दुसरी राहते. भेटवस्तू म्हणून मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके नकोत. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांतून झुरळांची अंडी येतात, आणि बोटीत एकदा झुरळ शिरलं की निघत नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचा, तो न लाजता: गुडघे कसे आहेत? बोटीच्या आत उतरायला तीन-चार उभ्या पायऱ्या असतात. ज्यांना देवळाची पायरी चढताना हात धरावा लागतो त्यांना रात्रीच्या मुक्कामाला बोलावू नका. त्यांच्यासाठी खाडीतला दोन तासांचा फेरफटका ठेवा आणि जेवण घरी.

चढताना, उतरताना

बोटीवर माणसं वादळात पडत नाहीत, धक्क्यावर पडतात. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. पाय ठेवला की गेलाच. म्हणून चढणं-उतरणं अर्ध्या भरतीच्या पुढेच. एका वेळी एक माणूस, दोन्ही हात मोकळे, पिशव्या नंतर. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत असं उभं राहून मागच्याशी बोलायचं नाही. बोट वर येते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. मुलांना कडेवर घेऊन कुणी चढायचं नाही, मूल हातोहात द्यायचं.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे सगळं ठाऊक होतं. मुंबईहून येणारी आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राही आणि चाकरमानी ट्रंका-वळकट्यांसह खपाट्यात, म्हणजे होडीत, उतरून किनाऱ्याला लागत. लाट वर आली की खलाशी हाताला धरून बायामाणसांना अलगद उचलून घेत. आगबोटी गेल्या तशी ही सवयही गेली. पाहुण्यांना आता ती धक्क्यावर उभं राहून शिकवावी लागते.

पाणी आणि बाकीची गैरसोय

आमच्या टाकीत दीडशे लिटर पाणी मावतं. पाच माणसांना उन्हात दिवसाला माणशी साडेतीन लिटर प्यायला धरलं तर साडेसतरा लिटर. म्हणजे घरच्या एका बादलीत होणारी अंघोळ ही साऱ्या बोटीचं दिवसभराचं पिण्याचं पाणी. हा हिशोब आम्ही पाहुण्यांना नळाशेजारी उभं करून सांगतो. एकदा ऐकल्यावर नळ सोडून दात घासणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. अंघोळ समुद्राच्या पाण्याने आणि शेवटी अंगावर एक तांब्या गोडं पाणी. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्याने विसळायची.

संडासाबद्दल घरात आपण बोलत नाही, बोटीत पहिल्या दहा मिनिटांत बोलायचं. हाताने पंप मारावा लागतो, किती वेळा ते सांगा, एकदा करून दाखवा. आत कागद, केस, सॅनिटरी पॅड काहीही जाता कामा नये. तुंबला तर तो खोलण्याचं काम यजमानाचंच असतं, आणि तेव्हा पाहुण्याला जी लाज वाटते ती दोन दिवस पुरते. बायकांना कपडे बदलायला पडदा आणि ठरलेली वेळ द्या. "आम्ही सगळे आता दहा मिनिटं वर बसतो आहोत," असं पुरुषांनी स्वतःहून म्हणायचं. संध्याकाळी खाडीत डास येतात, म्हणून जाळ्या सहाच्या आधी लावायच्या.

चूल एक, पोटं पाच

बोटीवर चारी ठाव स्वयंपाक करायला जाऊ नका. डुलत्या बोटीत तापलं तेल हा सर्वांत मोठा धोका. आमच्याकडे चालत्या बोटीवर तळणं पूर्ण बंद. मासे तळायचे ते घरी. प्रेशर कुकर मात्र सोन्यासारखा. गॅस वाचतो आणि झाकण बंद असल्यामुळे कलंडला तरी सांडत नाही. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पेज यांवर दोन दिवस सुखाने निघतात. दशम्या आणि चटणी घरून करून न्यावी. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासात टिकते. कोकम सरबतात मीठ थोडं जास्तच घाला, घाम तेवढाच येतो.

कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी, कोण सोमवारी मासे खात नाही, हे आधी विचारून ठेवा. आणि समुद्रात असेतो 'अजून घ्या' म्हणायचं नाही. डबा मध्ये ठेवायचा, ज्याला हवं तो घेईल.

बोट लागली तर

आपल्याकडे गाडी लागते तशी बोट लागते. याचा धीटपणाशी काही संबंध नाही. कान मेंदूला सांगतो की आपण हलतो आहोत, बोटीच्या आत बसलेले डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे, आणि या भांडणात पोट मध्ये सापडतं. म्हणून मुख्य उपाय एकच: दोघांचं एकमत करायचं. वर उघड्यावर, बोटीच्या मधोमध बसवायचं आणि लांब क्षितिजाकडे किंवा किनाऱ्याकडे पाहायला लावायचं. मोबाइलच्या पडद्याकडे बिलकूल नाही. आत झोपायला पाठवणं ही नेहमीची चूक. अगदी सपाट आडवं होऊन डोळे मिटणार असेल तरच आत.

निघायच्या आधी हलकं खाणं: घावन, केळं, भाताची पेज. उपाशी पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. आल्याची वडी जिभेखाली ठेवायला द्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी एव्होमिनसारखी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. त्या गोळीने झोप येते, आणि मुलं, गरोदर बायका, इतर औषधं चालू असलेली वडीलधारी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. उलटी कुठल्या बाजूला करायची तेही आधीच सांगून ठेवा: वारा ज्या बाजूला जातो आहे त्या बाजूला, एका हाताने बोटीला धरून. बादली दिली तर आणखी बरं, कडेवरून वाकावंच लागत नाही. आणि चेष्टा कुणी करायची नाही. मेहुण्यांनीसुद्धा.

लागायच्या आधीची खूण ओळखा. गप्पिष्ट माणूस गप्प झाला, वारंवार जांभया यायला लागल्या, कपाळावर गार घाम आला, की त्याच्या हाती सुकाणू द्या. बोट हाकणाऱ्याला ती कमी लागते, कारण पुढची लाट त्याला आधी दिसते.

पाहुण्याला काम द्या

घरी पाहुण्याच्या हातचं ताट काढून घेणं ही रीत. बोटीवर ज्याच्या हातात काम नाही तो अडचणीत बसतो आणि स्वतःही कंटाळतो. प्रत्येकाला एकेक काम वाटून द्या. काकांनी पाण्याची खोली मोठ्याने वाचायची. एका भाचीकडे वही: किती वाजता काय दिसलं, किती होड्या, कुठले पक्षी. दुसऱ्याने पुढे बसून जाळ्यांचे बोये पाहायचे. हे काम खेळातलं नाही. जाळं पंख्यात गुंडाळलं की आपली बोट अडकते आणि कोळ्याचं नुकसान होतं. म्हणूनच पाहुणे असताना रात्री बोट चालवायची नाही. डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करायचं, मागे लागायचं नाही. पाठलाग केला की ते बुडी मारतात.

निघण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना बसवून सुरक्षेचं सांगायचं. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट, पट्टे आवळून. मुलांसाठी मुलांचंच. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. शांत समुद्रात, भरदिवसा. म्हणजे जॅकेट वादळासाठी राखून ठेवायची वस्तू नव्हे. शिडाचा आडवा दांडा कुठून कुठे फिरतो ते दाखवा, 'डोकं' अशी हाक दिली की सगळ्यांनी वाकायचं. कुणी पाण्यात पडलं तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. पोहायची हौस असेल तर खाडीच्या तोंडावर कधीच नाही, आणि नांगरावरही मागे तरंगता दोर सोडूनच.

आणि एका मोठ्या माणसाला एवढं तरी शिकवा: इंजिन चालू-बंद कसं करायचं, शीड खाली कसं घ्यायचं, वायरलेसवर सोळा नंबरचा चॅनल कसा लावायचा. मोबाइलला रेंज असेल तेव्हासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर भिंतीवर चिकटवून ठेवा. कारण यजमानच पाण्यात पडला तर? हा प्रश्न विचारला की पाहुणे पहिल्यांदा हसतात आणि मग नीट ऐकतात. भाड्याची बोट असेल तर परवाना किती माणसांचा आहे ते विचारा, जॅकेट मोजा. कमी पडली तर तेवढी माणसं धक्क्यावर.

किती दिवस?

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आपल्याकडे म्हणतात. रत्नागिरीला बोटीने आलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ पर्यंत राहिला, पण त्याला इंग्रजांनी आणलं होतं आणि राहायला वाडा होता. तीस फुटांच्या बोटीत दोन रात्री पुष्कळ. दिलीप दोंदे 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती बोट छप्पन्न फुटांची होती आणि आत माणूस एक. आमच्या निम्म्या बोटीत पाच नातेवाईक म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी काय होईल ते सांगायला नको. दोन रात्रींनंतर सगळ्यांना घरी आणा, भरपूर पाण्याने अंघोळी घाला.

आमचा शेवटचा नियम ताईंमुळे आला. बोटीवरच्या कुणीही, वयाने कितीही लहान असो, 'परत फिरूया' म्हटलं की बोट फिरते. कारण विचारायचं नाही, मतं घ्यायची नाहीत. हा नियम आम्ही निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे सांगणाऱ्याला संकोच राहत नाही.

त्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबरात, ताई पुन्हा आल्या. द्वादशी होती. सातला निघालो, पोटात एकेक घावन. मतलई वाऱ्यावर त्यांनी तासभर सुकाणू धरलं, रत्नदुर्ग ओलांडून 'पांढरा समुद्र' म्हणतात त्या किनाऱ्यासमोर गेलो. दहाच्या सुमारास वाऱ्याची पहिली झुळूक पश्चिमेकडून आली. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. ताईंना काहीही होत नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "चला, परत." माझ्या तोंडावर आलं होतं: एवढं छान चाललंय, अजून अर्धा तास. ते गिळलं आणि शीड फिरवलं.

अकराला धक्क्यावर होतो. घरी येऊन मी भिजवलेला साबुदाणा काढला. चौथा वडा वाढताना ताई "पुरे गं" म्हणाल्या. या वेळी मी ऐकलं नाही.